‘आउट रन’ शेवटपर्यंत कसा खेळायचा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

सेगा कंपनीचा १९८६ सालचा गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम ‘आउट रन’ खेळणाऱ्या बहुतेकांची गाडी दुसऱ्या, फार तर तिसऱ्या टप्प्यात वेळ संपून थांबते. मग वाटतं, आपला वेग कमी पडला. पुढच्या डावात ॲक्सिलरेटर आणखी घट्ट दाबून धरला जातो, गाडी झाडावर आदळते आणि वेळ आधीपेक्षाही लवकर संपते. वेग कमी पडल्यामुळे हरलेला खेळाडू मी क्वचितच पाहिला आहे. बहुतेक जण अपघातांमुळे हरतात, आणि अपघात होतात ते शिकण्याचा क्रम चुकल्यामुळे. खाली दिलेला क्रम मोडू नका. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी तो पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

### आधी हिशेब समजून घ्या

या खेळात कुणाशी शर्यत नसते. रस्त्यावरच्या गाड्यांना मागे टाकून नंबर मिळत नाही, त्या फक्त अडथळे आहेत. खरा सामना घड्याळाशी आहे. सुरुवातीला सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ मिळतो, प्रत्येक चेकपॉइंटला, म्हणजे टप्पा संपतो त्या रेषेला, त्यात भर पडते आणि उरलेले सेकंद पुढच्या टप्प्यात जमा होतात. एका डावात पाच टप्पे चालवायचे असतात. पहिल्या चारही टप्प्यांच्या शेवटी रस्त्याला फाटा फुटतो आणि डावीकडे जायचं की उजवीकडे, ते तुम्ही ठरवता.

आता आकडेमोड. गाडीचा कमाल वेग ताशी २९३ किलोमीटर. एखाद्या अवघड वळणावर तो २३० वर आणून चार सेकंद चालवलं, तर पूर्ण वेगाच्या तुलनेत नुकसान होतं एका सेकंदाहूनही कमी. त्याच वळणावर हट्टाने २९३ वर राहून कडेच्या झाडावर आदळलात, तर गाडी कोलांट्या खाणार, आत बसलेली दोघं बाहेर फेकली जाणार, मग गाडी रस्त्याच्या मधोमध शून्यावरून पुन्हा निघणार. पुन्हा पूर्ण वेग धरेपर्यंत दहाएक सेकंद सहज जातात. म्हणजे एका मोठ्या अपघाताच्या किमतीत तुम्ही दहा वळणं सावकाश घेऊ शकला असता. हा हिशेब डोक्यात बसला की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

### पायरी १: कोणता ‘आउट रन’ खेळताय ते तपासा

गोंधळाची सुरुवात इथेच होते, म्हणून हे वगळू नका. ‘आउट रन’ नावाचे खेळ बरेच आहेत आणि एकाची युक्ती दुसऱ्यात चालत नाही. १९८९ च्या ‘टर्बो आउट रन’मध्ये टर्बोचं बटण आहे. २००३ च्या ‘आउट रन २’मध्ये ब्रेकला हलकासा स्पर्श करून गाडी आडवी घसरवत वळण घेतात, त्या खेळाचा सगळा डोलाराच त्यावर उभा आहे. अनेक जण ‘आउट रन २’चे व्हिडिओ पाहून मूळ खेळात ब्रेक मारत बसतात. मूळ खेळात तसं घसरवून वळण घेण्याची सोय नाही. तिथे ब्रेकने फक्त वेग मरतो.

मूळ आर्केड आवृत्ती, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरची, घरी खेळायचे मार्ग:

- निन्टेंडो स्विचवरची ‘सेगा एजेस’ मालिकेतली आवृत्ती. एमटू या जपानी स्टुडिओने ती केली आहे आणि शिकण्यासाठी माझी पहिली पसंती तिलाच.
- ‘याकुझा ०’ या खेळातल्या ‘क्लब सेगा’ आर्केडमध्ये मूळ ‘आउट रन’ पूर्णपणे खेळता येतो. आपल्याकडे संगणकावर खेळणाऱ्यांना हा सर्वांत सोपा कायदेशीर रस्ता आहे.
- संगणकावर मेमसारखा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. यासाठी मूळ यंत्रातल्या चिपमधला डेटा लागतो आणि तो वापरण्याचा हक्क तुमच्याकडे असायला हवा.

सेगाच्या जुन्या घरगुती यंत्रांच्या, म्हणजे मेगा ड्राइव्ह किंवा मास्टर सिस्टिमच्या कार्ट्रिजवर खेळत असाल तर वेळेचं गणित थोडं वेगळं पडेल. पायऱ्यांचा क्रम मात्र हाच ठेवा.

तपासा: गिअर दोनच आहेत का, लो आणि हाय? दोनाहून जास्त दिसले किंवा टर्बोचं बटण दिसलं, तर तुम्ही दुसराच खेळ लावला आहे.

### पायरी २: सेटिंग आणि कंट्रोल

मूळ यंत्राच्या आत मालकाला दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येत: वेळ किती मिळणार आणि रस्त्यावरची रहदारी किती त्रासदायक असणार. घरच्या आवृत्त्यांतही या दोन सेटिंग बहुधा स्वतंत्रच असतात. शिकताना वेळ सोपी ठेवा आणि रहदारी मधली. दोन्ही सोप्यावर ठेवलं तर ट्रॅफिकमधून वाट काढायची सवय लागत नाही आणि सेटिंग वाढवल्यावर सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

सेगा एजेसच्या आवृत्तीत पाचव्या टप्प्याअखेरचा प्रत्येक वेगळा शेवट गाठला की गाडीत एकेक सुधारणा मिळते. शिकण्याच्या काळात त्या बंद ठेवा. त्यांच्यासह बसलेला वळणांचा अंदाज त्यांच्याविना चुकतो.

कंट्रोलकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. मूळ यंत्रात खरं स्टिअरिंग होतं आणि ते जितकं वळवाल तितकीच गाडी बाजूला सरकायची. कीबोर्डवर हे जमत नाही. बाणाचं बटण दाबलं की स्टिअरिंग पार टोकापर्यंत जातं, सोडलं की सरळ होतं. म्हणून लेन बदलताना गाडी दोन लेन पलीकडे जाते, ती सावरायला उलट बटण दाबलं की तीन लेन अलीकडे येते आणि ट्रकवर आदळते. शक्य असेल तर ॲनालॉग काडीचा, म्हणजे काडी जितकी ढकलाल तितकंच स्टिअरिंग वळवणारा, कंट्रोलर घ्या, साधासुधा असला तरी चालेल. स्टिअरिंग काडीवर, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक मागच्या दोन ट्रिगरवर आणि गिअर अंगठ्याखालच्या बटणावर ठेवा.

कीबोर्डशिवाय पर्याय नसेल तर मेममध्ये टॅब दाबून ॲनालॉग कंट्रोलच्या यादीत जा. स्टिअरिंगचा डिजिटल वेग कमी करा आणि आपोआप मध्यावर येण्याचा वेग मध्यम ठेवा. खेळताना बाण दाबून धरायचा नाही, टिचक्या मारायच्या.

गिअरचं बटणही तपासून घ्या. काही ठिकाणी एकदा दाबलं की लो, पुन्हा दाबलं की हाय, अशी रचना असते. काही ठिकाणी दाबून धरेपर्यंतच गिअर बदललेला राहतो. तुम्हाला पहिली पद्धत हवी. ऑटोमॅटिकचा पर्याय असला तरी घेऊ नका. अपघातानंतर सावरताना गिअर हाताने बदलता येणं फार कामाला येतं, ते पायरी ७ मध्ये येईलच.

तपासा: रिकाम्या सरळ रस्त्यावर फक्त एका लेनने डावीकडे जा, थांबा, एका लेनने परत या. हे लागोपाठ, न चुकता जमेपर्यंत कंट्रोलची सेटिंग बदलत राहा. हे जमत नसताना पुढे खेळण्यात वेळ घालवू नका.

### पायरी ३: गाडी सोडणं

नाणं टाकल्यावर, म्हणजे घरी स्टार्ट दाबल्यावर, रेडिओ दिसतो. स्टिअरिंग फिरवून तीनपैकी एक धून निवडा आणि ती पक्की करा. शिकताना रोज तीच धून लावा. काही दिवसांनी धुनेचा कोणता भाग वाजत असताना तुम्ही रस्त्यावर कुठे असायला हवे हे कानाला कळू लागतं. घड्याळाकडे न पाहता वेळेचा अंदाज घ्यायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

मग सिग्नलचे दिवे लागतात. इथली चूक जवळजवळ सगळेच करतात: दिवे हिरवे होण्याआधीपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवतात. पडद्यावरचा इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा पट्टा लाल भागात जातो, चाकं जागेवर फिरून धूर काढतात आणि गाडी पुढे सरकतच नाही.

त्याऐवजी असं करा:

1. गिअर लोमध्ये आहे याची खात्री करा. हायमध्ये सुटलेली गाडी अगदी रेंगाळत वेग घेते.
2. दिवे बदलत असताना ॲक्सिलरेटर थोडा दाबून सोडत राहा, इंजिनाचा पट्टा मधल्या भागात ठेवा.
3. हिरवा लागला की पूर्ण दाबा.
4. पट्टा वर चढून वेगाचा आकडा रेंगाळू लागला की हाय टाका. त्याआधी नाही.

हाय लवकर टाकण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ‘हाय’ म्हणजे वेगवान असं वाटतं. लोमध्ये वेग भराभर चढतो पण कमी मर्यादेवर थांबतो, हायमध्ये मर्यादा मोठी पण चढ मंद. म्हणून लो पूर्ण पिळून मगच हाय.

### पायरी ४: फक्त पहिला टप्पा

‘कोकोनट बीच’ हा पहिला टप्पा प्रत्येक डावात येतोच. नारळाची झाडं, कडेला समुद्र, सौम्य वळणं. नवे खेळाडू तो कसाबसा पार करून पुढे पळतात, तिथेच त्यांचं नुकसान होतं. कारण इथे वाचवलेले सेकंदच पुढच्या टप्प्यांत शिल्लक म्हणून वापरायला मिळतात.

पहिले काही दिवस फक्त हाच टप्पा खेळा. चेकपॉइंट ओलांडला की डाव सोडून पुन्हा सुरू करा. आरंभी वेळेकडे बघूच नका, एकच अट ठेवा: कशालाही धक्का न लागता चेकपॉइंट गाठायचा. ते सहज होऊ लागलं की वेळ टिपायला लागा. चेकपॉइंटला त्या टप्प्याला लागलेला वेळ पडद्यावर येतो, तो वहीत लिहा. स्वच्छ चालवलेला टप्पा साधारण मिनिटाभराचा असतो.

तपासा: लागोपाठ पाच वेळा एकही धक्का न लागता पहिला टप्पा पार झाला का? सहाव्या वेळी अपघात झाला तरी चालेल, पण पाच वेळा लागोपाठ हवंच.

### पायरी ५: वळणं

खेळाचा गाभा इथे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पूर्ण वेगात वळणावर गेलात की गाडी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. टायर किंचाळू लागले म्हणजे स्टिअरिंग पुरेनासं झालं आहे. खरी गाडी चालवणाऱ्यांना वळणात बाहेरून आत, मग पुन्हा बाहेर अशी वाट घ्यायची सवय असते. इथे त्याचा उपयोग नाही. इथे वळण सुरू होण्याआधीच आतल्या लेनमध्ये असायला हवं. उजवं वळण येत असेल तर सरळ रस्त्यावर असतानाच उजवीकडच्या लेनमध्ये जा. मग वळणात गाडी बाहेर सरकत गेली तरी रस्त्याची पूर्ण रुंदी तुमच्या हाताशी उरते. मध्यावरून सुरुवात केलीत तर अर्धीच, आणि बाहेरच्या लेनवरून केलीत तर काहीच नाही.

वेग कमी करायचे तीन उपाय आहेत आणि ते याच क्रमाने वापरायचे:

1. ॲक्सिलरेटर सोडणं. दहापैकी आठ वळणांना एवढंच लागतं. टायर किंचाळले की क्षणभर सोडा, आवाज थांबला की पुन्हा दाबा.
2. हायवरून लोवर येणं. लांब, घट्ट वळणांसाठी. इंजिन गाडीला ओढून धरतं. वळणाचा शेवट दिसू लागला की लगेच हाय.
3. ब्रेक. पुढचा रस्ता पूर्ण बंद असेल, म्हणजे दोन ट्रक शेजारी शेजारी चालत असतील, तेव्हाच.

बहुतेक जण नेमके तिसऱ्यापासून सुरुवात करतात. वळणात ब्रेक मारला की वेग गरजेपेक्षा फार खाली जातो आणि हायमध्ये तो परत चढायला वेळ लागतो.

आणखी एक सवय अंगी बाणवा. नजर स्वतःच्या गाडीवर ठेवू नका. लाल गाडी पडद्यावर मोठी आणि देखणी दिसते, त्यामुळे डोळे तिच्यावर खिळतात. नजर रस्ता जिथे दिसेनासा होतो त्या टोकावर ठेवा. तिथे रस्ता कलू लागला की वळण येतंय, आणि आतल्या लेनमध्ये जायला तेवढाच वेळ हातात असतो.

चढांचं वेगळं सांगतो. या खेळात रस्ता वर-खाली जातो आणि चढाच्या माथ्यापलीकडचं काही दिसत नाही. माथ्याच्या लगेच मागे वळण किंवा ट्रक असणं नेहमीचं आहे. अनोळखी चढावर माथ्याच्या जरा आधी ॲक्सिलरेटर सोडा आणि मधल्या लेनमध्ये राहा. तिथून दोन्हीकडे जायची सोय राहते. रस्ता पाठ झाला की हे करायची गरज उरत नाही.

सावधान: दोन चाकं रस्त्याखाली उतरली तर वेग थोडा पडतो, चारही उतरली तर फार. दोन उतरल्यावर घाबरून स्टिअरिंग झटक्यात उलट फिरवू नका. हळूच परत या. झटका दिलात तर गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडावर जाते.

### पायरी ६: रहदारी

सगळ्या गाड्या तुमच्यापेक्षा हळू चालतात, म्हणून प्रत्येकीला ओलांडणं भागच आहे. मागून धडकलात की तुमची गाडी गिरकी घेते आणि वेग जातो. गिरकी घेताघेता ती कडेला जाऊन खांबावर आदळली तर एकाचे दोन अपघात.

नियम एकच: कुठून ओलांडायचं हे गाडी लांब, ठिपक्याएवढी असताना ठरवा आणि मग बदलू नका. जवळ गेल्यावर बेत बदलणारे सर्वांत जास्त धडकतात, कारण गाड्याही लेन बदलत असतात. ट्रकच्या बाबतीत दुप्पट जागा सोडा. तो रुंद असतो आणि त्याच्या पुढे काय आहे ते झाकतो.

वळणात ओलांडायचं असेल तर आतल्या बाजूने. बाहेरून गेलात तर वळण तुम्हाला आणखी बाहेर ढकलतं आणि सुटायला जागा राहत नाही. आतली बाजू अडलेली असेल तर वळण संपेपर्यंत ॲक्सिलरेटर सोडून मागे थांबा. हे अनेकांच्या जिवावर येतं. पण वरचा हिशेब आठवा, यात एक सेकंदसुद्धा जात नाही.

रहदारी दर डावाला तशीच्या तशी येत नाही. म्हणून ‘या वळणावर डावीकडे ट्रक असतो’ असं पाठ करू नका. वळणं पाठ करा, गाड्या बघून चालवा.

### पायरी ७: अपघातानंतर

अपघात होणारच. त्यानंतर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं:

1. कोलांट्यांचं दृश्य चालू असतानाच गिअर लोमध्ये टाका. जवळपास प्रत्येक जण हे विसरतो आणि हायमध्ये रखडत राहतो.
2. गाडी सरळ उभी राहिली की पूर्ण ॲक्सिलरेटर. लो पिळून मग हाय.
3. पहिले काही सेकंद एकाही गाडीला जोखमीने ओलांडू नका.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड जाते. गेलेला वेळ लगेच भरून काढायच्या घाईत दुसरा अपघात होतो आणि डाव संपतो. एका टप्प्यात एक अपघात झाला तर शिलकीवर तरून जाता येतं. दोन झाले तर पुढचा चेकपॉइंट बहुधा हुकतोच.

तपासा: सरावात एकदा मुद्दाम आदळा आणि बघा, हात आपोआप लोकडे जातो का? विचार करून जात असेल तर अजून सराव हवा.

### पायरी ८: फाटे आणि मार्ग

एकूण टप्पे पंधरा. पहिल्या ओळीत एक, दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत तीन, असं करत पाचव्या ओळीत पाच. वाटा मात्र सोळा आहेत, कारण चार वेळा डावं-उजवं निवडायचं असतं. कडेच्या दोन शेवटांना जायला प्रत्येकी एकच वाट आहे: चारही वेळा डावीकडे किंवा चारही वेळा उजवीकडे. त्यांच्या आतल्या दोन शेवटांना प्रत्येकी चार वाटा, आणि मधल्या शेवटाला सहा.

यातून सरावाचा सोपा नियम निघतो. सुरुवातीला एकच बाजू धरा आणि प्रत्येक फाट्याला तीच घ्या. मग पंधराऐवजी फक्त पाच टप्पे शिकावे लागतात. रोज वेगळी वाट धरणाऱ्यांना सगळे टप्पे ओळखीचे वाटतात पण एकही पाठ होत नाही. दगडी कमानींचा ‘गेटवे’ किंवा ‘सीसाइड टाउन’ बघायची उत्सुकता मला समजते. पण आधी एक शेवट गाठा, मग हवं तिथे फिरा.

फाट्यावरची चूक म्हणजे उशिरा ठरवणं. रस्ता रुंद होऊ लागला की फाटा आला असं समजा आणि लगेच आपल्या बाजूच्या लेनमध्ये जा. मधोमध राहून शेवटच्या क्षणी वळलात तर दोन रस्त्यांमधल्या मातीत शिराल. एखाद्या गाडीमुळे ठरवलेली बाजू हुकली, तर उलट वळायचा प्रयत्न करू नका. जी बाजू मिळाली ती घ्या. वाट चुकली तरी डाव वाचतो.

### पायरी ९: पाच टप्पे जोडणं

वहीत पाच रकाने आखा. प्रत्येक डावात दर टप्प्याला लागलेला वेळ आणि झालेले अपघात लिहा. चारपाच दिवसांत चित्र स्पष्ट होतं: बहुतेकांचा वेळ सगळीकडे थोडा थोडा जात नाही, दोन किंवा तीन ठरावीक वळणांवर जातो. ती वळणं शोधा आणि फक्त तिथे वेग आधीच कमी करा. बाकीच्या रस्त्याला हात लावू नका.

पुढे जाल तसे रस्ते अरुंद, वळणं घट्ट आणि गाड्या जास्त. चौथ्या टप्प्यात बरेच जण पहिल्या टप्प्याच्याच पद्धतीने चालवतात आणि कोलमडतात. तिथून पुढे पूर्ण वेग फक्त सरळ रस्त्यावर ठेवा.

पाचव्या टप्प्याला चेकपॉइंट नाही, थेट शेवटची रेषा आहे. वेळेत भर पडणार नाही, जे आहे त्यातच भागवायचं. इथे घड्याळाकडे वारंवार बघणं घातक ठरतं, धून ऐका आणि नजर रस्त्यावर ठेवा. मूळ यंत्रात हरल्यावर तिथूनच पुढे चालू ठेवायची सोय नाही, म्हणून पाचव्या टप्प्याचा सराव मोजकाच मिळतो. सेगा एजेसवर खेळत असाल तर मधूनच पुन्हा सुरू करायची सोय या टप्प्यासाठी बिनदिक्कत वापरा.

सावधान: शेवटच्या टप्प्यात दहा-बारा सेकंद शिल्लक दिसले की हात सैल पडतात. उरलेल्या प्रत्येक सेकंदाचे दहा लाख गुण मिळतात, त्यामुळे रेषा ओलांडेपर्यंत तसंच चालवा.

### पायरी १०: गिअर गाचा, पण सगळ्यांत शेवटी

जपानी खेळाडू ज्याला ‘गिअर गाचा’ म्हणतात ती युक्ती अशी: चाकं रस्त्याखाली उतरताच ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवून गिअर हाय-लो-हाय असा झटपट फिरवायचा. नीट जमलं तर चाकांतून धूर निघतो आणि तेवढा वेळ मातीचा अडसर गाडीला लागत नाही. हे वारंवार करत राहिलं तर वेग जवळपास तसाच राखून वळण मातीतूनही कापता येतं. मोठे गुण मिळवणारे खेळाडू याच युक्तीवर खेळतात.

तरीही ती शेवटी ठेवली आहे, कारण झाडं, खांब आणि खडक यांच्यापासून ती वाचवत नाही. आधी शिकलात तर मातीत उतरायची सवय लागते आणि वळणं कधीच नीट येत नाहीत. एक शेवट दोन-तीन वेळा गाठून झाला की मग पहिल्या टप्प्यात, जिथे कडेला मोकळी जागा आहे, तिथे सराव सुरू करा. आधी फक्त गिअरचा ठेका बसवा: लो अगदी क्षणभर, लगेच हाय. लोमध्ये जास्त वेळ राहिलात तर इंजिन गाडी ओढून धरतं आणि युक्ती उलटते.

ती हाताला बसली की मग दुसरी बाजू शिकायला घ्या. एका कडेचा मार्ग पाठ असेल तर लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. पहिले तीन फाटे ओळखीच्या बाजूने घ्या आणि फक्त चौथा उलट घ्या. असा प्रत्येक वेळी एकच नवा टप्पा वाढतो. त्यानंतर तिसरा फाटा बदला, मग दुसरा. वेळेची सेटिंग कठीण करायची ती पाचही शेवट गाठून झाल्यावरच.